जायचं ठरलंय, यायचं ठरायचंय

इंग्लंडच्या डोव्हर बंदरातून फ्रान्सच्या कॅलेला जाणाऱ्या फेरीबोटीचं तिकीट शोधणाऱ्या माणसाला एक चमत्कारिक गोष्ट कधी ना कधी दिसतेच. मोटरहोमसह फक्त जाण्याचं तिकीट मागितलं की एक आकडा येतो. सहज गंमत म्हणून 'रिटर्न'वर टिचकी मारावी, चार-पाच दिवसांनंतरची परतीची तारीख टाकावी, तर दोन्ही बाजूंचं मिळून भाडं जेमतेम वाढतं. कधीकधी तर चक्क कमी होतं. गाडी तीच, माणसं तीच, बोट तीच आणि एका खेपेपेक्षा दोन खेपा स्वस्त! हा कुठला हिशेब?

हॉटेल बुक करून निघणाऱ्याला हा प्रश्न छळत नाही, कारण त्याची परतीची तारीख घरूनच ठरलेली असते. मोटरहोमवाल्याचं तसं नसतं. मोटरहोम म्हणजे पलंग, शेगडी, फ्रिज, पाण्याची टाकी आणि संडास-बाथरूम पोटात घेऊन फिरणारी गाडी. ब्रिटनमधली कितीतरी निवृत्त जोडपी शरद ऋतू सरता सरता अशी गाडी घेऊन इंग्लिश खाडी ओलांडतात आणि स्पेन-पोर्तुगालच्या उन्हात हिवाळा काढतात. शाळकरी मुलं असलेली कुटुंबं उन्हाळ्याच्या सुट्टीत फ्रान्सला जातात. ब्रिटनमध्ये स्थिरावलेली मराठी कुटुंबंही आता भाड्याची मोटरहोम घेऊन या वाटेला लागली आहेत. ऊन असेल तिथे मुक्काम करायचा आणि पाऊस लागला की पुढचं गाव गाठायचं, हीच या प्रवासाची खरी मजा. तिकिटाचा फॉर्म मात्र सुरुवातीलाच विचारतो, परत कधी येणार?

म्हणून 'सिंगल काढावं की रिटर्न' हा मोटरहोमवाल्यांचा कायमचा वाद आहे. लोक तो भाड्याचे आकडे समोरासमोर ठेवून सोडवायला बघतात. माझ्या मते पहिल्यांदा बघायला हवं ते आपल्या परतीच्या मार्गावर दिवसाला किती बोटी सुटतात हे. ते का, हे कळायला आधी भाडं कसं ठरतं ते पाहू.

बोटीतली जागा कशी विकतात

फेरीबोटीच्या पोटात गाड्यांसाठी लांबलचक रांगा आखलेल्या असतात. या रांगांची एकूण लांबी हाच कंपनीचा विक्रीचा माल. त्याला लेन-मीटर म्हणतात. डोव्हर-कॅले मार्गावरची 'स्पिरिट ऑफ ब्रिटन' ही २०११ साली दाखल झालेली बोट २१३ मीटर लांबीची आहे. तिच्या पोटात लांब पल्ल्याचे ट्रक, बस, मोटारी आणि मोटरहोम एकाच वेळी शिरतात. ट्रकवाले वर्षभराचं गिऱ्हाईक, त्यामुळे त्यांची जागा बरीचशी आधीच ठरलेली असते. उरलेली जागा सुट्टीवाल्यांची. मोटरहोम उंच असल्यामुळे मोटारींसाठीच्या ठेंगण्या मजल्यावर ती मावत नाही, तिला ट्रक-बसच्या उंच मजल्यावरच जागा मिळते. म्हणजे मोटारींना जागा शिल्लक असतानाही मोटरहोमसाठी बोट 'फुल' असू शकते.

बोगद्याचंही असंच. इंग्लिश खाडीखालचा हा बोगदा साधारण ५०.५ किलोमीटर लांबीचा. ६ मे १९९४ रोजी राणी एलिझाबेथ आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा मितराँ यांनी त्याचं उद्घाटन केलं. त्यातून आपण गाडी चालवत जात नाही. फोकस्टनला गाडीसकट आगगाडीच्या डब्यात चढायचं आणि ३५ मिनिटांनी कॅलेजवळ उतरायचं. १.८५ मीटरपेक्षा ठेंगण्या गाड्या दुमजली डब्यांत जातात, तर मोटरहोम, बस आणि छतावर सामान लादलेल्या मोटारी एकमजली डब्यांत. इथे भाडं माणशी नसून गाडीमागे असतं. आत दोघं असोत की सहा, फरक पडत नाही.

आता या धंद्याची गोम. बोट अर्धी रिकामी गेली म्हणून डिझेल, खलाशी आणि बंदराचं शुल्क यांचा खर्च अर्धा होत नाही. आणि बोटीने बंदर सोडलं की न विकलेली जागा कायमची वाया जाते. ती उद्यासाठी ठेवता येत नाही. त्यामुळे कंपनीचा संगणक प्रत्येक खेपेतली जागा वेगवेगळ्या भावांच्या कप्प्यांत वाटतो. स्वस्त कप्पा आधी विकला जातो, तो संपला की पुढचा महाग कप्पा उघडतो. सुट्टीच्या दिवसांच्या खेपांना स्वस्त कप्पा अगदीच छोटा असतो, मंगळवारी पहाटेच्या खेपेला मोठा.

त्यात दिशेचा खेळ. गणपतीच्या तोंडावर मुंबईहून कणकवलीला निघणाऱ्या खासगी बसचं भाडं आठवा. जाताना भाव गगनाला भिडलेले, आणि तीच बस परत मुंबईकडे येताना जवळजवळ रिकामी. गौरी-विसर्जन झालं की चित्र नेमकं उलटं होतं. इंग्लिश खाडीवर हे घडतं ब्रिटिश शाळांच्या उन्हाळी सुट्टीत. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यानंतर फ्रान्सकडे जाणारी खेप महाग, आणि ऑगस्टच्या शेवटी कॅलेहून घरी येणारी महाग. त्यामुळे एकाच मार्गावरची, एकाच कंपनीची दोन सिंगल तिकिटं एकाच दिवशी अगदी वेगळ्या भावाची असू शकतात. रिटर्न म्हणजे बहुतेक वेळा या दोन भावांची बेरीज, वर एखादी सवलत आणि एखादी अट.

पाच दिवसांची भिंत

कोडं सुटतं ते त्या 'अटी'त.

कंपनीच्या नजरेत खाडी ओलांडणारे दोन प्रकारचे लोक आहेत. एक, महिनाभर सुट्टीवर निघालेले. त्यांच्या एकूण खर्चात बोटीचं भाडं ही छोटी रक्कम असते. भाडं थोडं वाढलं म्हणून ते घरी बसत नाहीत. दुसरे, शनिवार-रविवारला जोडून दोन दिवस काढणारे, किंवा सकाळी जाऊन संध्याकाळी वाइनची खोकी घेऊन परतणारे. भाडं चढलं की हे लोक सरळ बेत रद्द करतात. पण ते येतात ते आडदिवशी, रिकाम्या खेपांना, आणि बोटीवरच्या दुकानात व उपाहारगृहात चार पैसे सोडून जातात. युरोपीय संघातल्या देशांमधली करमुक्त विक्री १९९९ च्या मध्यात बंद होईपर्यंत ही दुकानदारी बोट-कंपन्यांच्या कमाईचा मोठा आधार होती. ब्रिटन संघाच्या नियमांतून बाहेर पडल्यावर, २०२१ पासून, करमुक्त दुकानं बोटीवर परतली आहेत.

पहिल्या गिऱ्हाइकाकडून पूर्ण भाडं घ्यायचं आणि दुसऱ्याला स्वस्तात ओढायचं, तर दोघांना वेगळं ओळखायला हवं. कपाळावर तर काही लिहिलेलं नसतं. मग कंपनी विचारते, परत कधी येणार? त्याच दिवशी, दोन दिवसांत, पाच दिवसांत म्हणालात की तुम्ही दुसऱ्या गटातले आणि भाडं कमी. त्यापुढची तारीख दिलीत की पहिल्या गटातले. ही पाच दिवसांची अट म्हणजे दोन गिऱ्हाइकांच्या मधली भिंत.

सिंगल तिकीट काढणारा परतीची तारीखच सांगत नाही. तो दोन दिवसांत परतणारा आहे हे सिद्ध होत नाही, म्हणून त्याला भिंतीच्या महाग बाजूला बसवलं जातं. एक खेप दोन खेपांपेक्षा महाग पडते ती यामुळे. हे सर्वाधिक दिसतं डोव्हर, फोकस्टनसारख्या छोट्या मार्गांवर, कारण दोन दिवसांची सहल तिथेच शक्य असते. पोर्ट्समथहून स्पेनला जाणाऱ्या लांबच्या बोटींवर शनिवार-रविवारची गिऱ्हाइकं फारशी नसतात. अशा लांब मार्गांवर बहुधा दोन्ही खेपांचं भाडं वेगळं मोजून नुसतं बेरजेत धरलं जातं. तिथे सिंगल काढल्याची शिक्षा जवळजवळ नसते.

मग स्वस्त रिटर्न काढून अर्धं फेकलं तर?

ही शक्कल प्रत्येकाला सुचते. पाच दिवसांचं रिटर्न काढायचं, जायचं आणि परतीचा भाग सोडून द्यायचा. कंपन्यांनाही ती ठाऊक आहे. म्हणून अल्पमुदतीच्या तिकिटांच्या अटींमध्ये, परतीचा भाग वापरला नाही किंवा मुदतीनंतर वापरला तर योग्य त्या तिकिटाशी असलेला फरक वसूल करू, अशा आशयाचं कलम आढळतं. पैसे भरलेल्या कार्डाचा क्रमांक त्यांच्याकडे असतोच. उलटा प्रकारही चालत नाही. जाण्याचा भाग न वापरता फक्त परतीचा वापरायला गेलात, तर अनेकदा आख्खं तिकीटच रद्द झालेलं असतं. खेपा तिकिटावरच्या क्रमानेच वापरायच्या असतात. चार पैशांसाठी परतीच्या बंदरावर हुज्जत घालण्यापेक्षा अटींचं पान आधी वाचलेलं बरं.

तारीख बदलण्याची खरी किंमत

'बदलता येणारं तिकीट' हे शब्द वाचून आपण निश्चिंत होतो. ठळक अक्षरात लिहिलेलं असतं ते बदलाचं शुल्क, आणि ते बेताचंच असतं. खरा फटका बसतो भाड्यातल्या फरकाचा. ज्या नव्या तारखेला यायचंय तिथला स्वस्त कप्पा केव्हाच संपलेला असतो, आणि फरक आपल्याला भरायचा असतो. उलट नवी तारीख स्वस्त असली, तर उरलेले पैसे परत मिळतीलच असं नाही.

काल्पनिक आकड्यांनी बघू. समजा, साधं रिटर्न २६० पौंडांना मिळतंय. सिंगल काढलं तर जाण्याचे १४०, आणि ऐनवेळी काढलेलं येण्याचं सिंगल १६०, म्हणजे एकूण ३००. ठरल्या तारखेलाच परतलात तर रिटर्नवाला ४० पौंड वाचवतो. आता समजा, पोर्तुगालमध्ये मन रमलं आणि परतणं ऑगस्टअखेरीवर गेलं. त्या दिवसाची खेप २१० पौंडांची आहे. रिटर्नवाल्याला आपल्या १३० च्या खेपेवर ८० चा फरक आणि २५ शुल्क भरावं लागेल, म्हणजे एकूण ३६५. सिंगलवाला १४० अधिक २१०, म्हणजे ३५० देईल. इथे सिंगलवाला जिंकला, पण फक्त १५ पौंडांनी.

म्हणजे तारीख बदलण्याची शक्यता निम्मी-निम्मी असली तरी या आकड्यांत रिटर्नच किफायतशीर ठरतं. चारातून तीन वेळा तारीख बदलेलच, असं वाटत असेल तर सिंगलकडे वळावं. 'आमचं काही नक्की नसतं हो' म्हणणारे पुष्कळ लोक प्रत्यक्षात आठवड्याच्या फरकाने त्याच सुमारास परततात. त्यांनी सिंगलच्या नादी लागायचं कारण नाही.

बंदरच बदललं, तर मात्र हिशेब पार फिरतो. निघताना वाटलं होतं फ्रान्स करून यावं, आणि फिरत फिरत पोहोचलात डेन्मार्कला. आता कॅलेला उतरून येण्यापेक्षा नेदरलंडमधल्या हूक ऑफ हॉलंडहून इंग्लंडच्या हॅरिचची बोट सोयीची. कॅलेच्या परतीच्या तिकिटाचे पैसे बुडाले. मनात वर्तुळाकार प्रवास असेल, एका दाराने शिरून दुसऱ्याने बाहेर पडायचं असेल, तर दोन सिंगल तिकिटंच हवीत. त्यात घासाघीस नाही.

परतीच्या वाटेवर बोटी किती?

आता मूळ मुद्दा. सिंगल तिकीट काढून जाणारा माणूस एक जुगार खेळत असतो, परत यायच्या दिवशी जागा असेल आणि परवडेल या आशेवर. या जुगारात जिंकण्याची शक्यता प्रत्येक मार्गावर सारखी नसते.

कॅलेहून डोव्हरला तीन कंपन्यांच्या बोटी दिवसरात्र सुटतात, शेजारीच बोगद्यातली आगगाडी, आणि थोड्या अंतरावर डंकर्क. एका कंपनीचे भाव चढले तर दुसरी आहे. दुपारची खेप भरली तर रात्रीची आहे. ऑगस्टअखेर, नाताळ-नववर्ष आणि ईस्टरच्या गर्दीचे दिवस सोडले, तर इथे परतीचं तिकीट दोन दिवस आधी, फ्रान्समधल्या एखाद्या कॅम्पसाइटवर चहा पिता पिता काढता येतं. जुगार आहे, पण पत्ते आपल्या बाजूचे.

स्पेनमधल्या सान्तान्देर किंवा बिल्बाओहून पोर्ट्समथला येणाऱ्या बोटी आठवड्याला मोजक्याच. प्रवासात एक किंवा दोन रात्री जातात, त्यामुळे गाडीच्या जागेबरोबर झोपायची केबिनही लागते. केबिन संपल्या की बोटीच्या पोटात जागा असूनही उपयोग नाही. त्यातही कुत्र्यासह राहता येणाऱ्या केबिन अगदी थोड्या, आणि त्या सगळ्यांत आधी संपतात. दक्षिण स्पेनमध्ये हिवाळा काढलेली मंडळी साधारण एकाच सुमारास, ईस्टरच्या आगेमागे, घराकडे वळतात. इथे 'बघू परतताना' म्हणून गेलात तर एकतर महाग तिकीट, नाहीतर कॅलेपर्यंत हजार-बाराशे किलोमीटरची रपेट. वर फ्रान्सचा टोल. तो गाडीच्या उंचीवर ठरतो. दोन मीटरखालची पहिल्या वर्गात, दोन ते तीन मीटरमधली दुसऱ्या, आणि तीन मीटर किंवा त्याहून उंच किंवा साडेतीन टनांहून जड गाडी तिसऱ्या वर्गात. छतावर बसवलेल्या उपकरणाने उंची तीन मीटरची रेघ ओलांडली, तर पूर्ण रस्ताभर जास्त टोल. म्हणून स्पेनच्या बोटीचं परतीचं तिकीट आधी काढावं, बदलता येणारं असावं, आणि त्यासाठी थोडे पैसे जास्त पडले तरी द्यावेत.

नेदरलंडच्या बोटी या दोन टोकांच्या मध्ये येतात. हॅरिचला दिवसाची एक आणि रात्रीची एक, हल आणि न्यूकॅसलला रात्रीची एक. हिवाळ्यात सिंगलवर भागतं, उन्हाळ्यात नाही.

---
चौकट : खाडी ओलांडायला किती वेळ?
फोकस्टन–कॅले (बोगदा) : ३५ मिनिटं
डोव्हर–कॅले : सुमारे दीड तास
डोव्हर–डंकर्क : सुमारे २ तास
न्यूहेवन–दिएप : सुमारे ४ तास
पोर्ट्समथ–कां : दिवसा सुमारे ६ तास, रात्री थोडं जास्त
हॅरिच–हूक ऑफ हॉलंड : दिवसभर किंवा रात्रभर
हल–रॉटरडॅम, न्यूकॅसल–ॲमस्टरडॅम : रात्रभर
पोर्ट्समथ–सान्तान्देर / बिल्बाओ : एक किंवा दोन रात्री

---

तारीख ठरवणारा दुसराच कोणी

'आम्ही मनाचे राजे' म्हणणाऱ्या मोटरहोमवाल्याच्या परतीवर २०२१ पासून एक घड्याळ बसलं आहे. शेंगेन या सामायिक प्रवेश-नियमांच्या युरोपीय क्षेत्रातल्या २९ देशांत मिळून, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून जास्त राहता येत नाही. आधी ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना हा नियम नव्हता, भारतीय पासपोर्टवाल्यांना तो पूर्वीपासूनच आहे. क्रोएशिया २०२३ च्या आरंभी शेंगेनमध्ये आला, बल्गेरिया आणि रोमानिया २०२५ च्या आरंभी पूर्णपणे आले. 'शेंगेनचे दिवस संपले की क्रोएशियात जाऊन बसू' ही जुनी पळवाट त्यामुळे बुजली. अल्बानिया, मॉन्टेनेग्रो, तुर्की, मोरोक्को हे देश अजून बाहेर आहेत.

मोजणी नीट समजून घ्या. प्रवेशाचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस धरतात. १ जानेवारी २०२६ ला आत गेलात तर ३१ मार्चला बरोबर ९० दिवस भरतात आणि त्या दिवशी बाहेर पडावं लागतं. मग पुन्हा कधी? प्रत्येक दिवशी मागचे १८० दिवस मोजले जातात. १ जानेवारीपासूनचे १८० दिवस २९ जूनला संपतात. ३० जूनला १ जानेवारी हा दिवस मोजणीतून गळतो आणि एक दिवस मोकळा होतो. त्यानंतर रोज एकेक जुना दिवस गळत जातो, त्यामुळे ३० जूनला शिरलात तर पुन्हा सलग ९० दिवस मिळतात. पूर्वी पासपोर्टवरचे शिक्के मोजत बसावं लागे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने हे काम सीमेवरचा संगणक बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवून करू लागला आहे. एखादा पुसट शिक्का नजरेतून सुटण्याची शक्यता आता उरली नाही.

इथे मार्ग निवडण्याशी थेट संबंध असलेली एक बारीक गोष्ट आहे. डोव्हर आणि फोकस्टनला फ्रेंच सीमा-पोलीस इंग्लंडच्या भूमीवरच बसतात. रात्री साडेअकराला डोव्हरच्या फ्रेंच खिडकीतून पुढे गेलात, तर बोट मध्यरात्रीनंतर सुटली तरी तो दिवस तुमच्या नव्वदांत धरला जातो. पोर्ट्समथला तशी सोय नाही, तिथून निघालेल्यांची तपासणी पलीकडच्या बंदरात उतरल्यावर होते. उलट दिशेने सान्तान्देरला तपासणी होऊन बोटीवर चढलात की त्या दिवसानंतरचा समुद्रावरचा काळ शेंगेनचा नसतो. पूर्ण नव्वद दिवस वापरणाऱ्या माणसाला हे एक-दोन दिवस सोन्याच्या मोलाचे.

पण म्हणून परतीचं तिकीट नव्वदाव्या दिवसाचं काढू नका. वादळात खाडीवरच्या खेपा रद्द होतात, बिस्केच्या उपसागरावरच्या तर जास्तच. बोट एक दिवस लांबली की विनाकारण खुलासे करत बसावं लागतं. चार-पाच दिवस हातचे राखून ठेवावेत.

कुत्रा सोबत असेल तर त्याचंही घड्याळ आहे. ब्रिटनमधून निघताना पशुवैद्याकडून घ्यायचा आरोग्य-दाखला दिल्यापासून १० दिवसांत युरोपीय संघात शिरण्यासाठी चालतो, आणि पुढे संघात फिरायला व परतायला काही महिने. परत येताना मात्र फीतकृमीचं औषध पशुवैद्याकडूनच द्यावं लागतं, तेही ब्रिटनमध्ये पोहोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत. म्हणजे औषध दिल्यावर परतायला जेमतेम चार दिवसांची खिडकी उरते. कॅलेच्या वाटेवर परतीचं सिंगल तिकीट काढायचं असेल, तर ते पशुवैद्याच्या दवाखान्यातून बाहेर पडल्यावर काढावं, हे उत्तम.

कंपनीच गडबडली तर

सिंगल तिकिटाच्या बाजूने एक मुद्दा असा की, आपले सगळे पैसे एकाच कंपनीत अडकत नाहीत. हा धोका नुसता कागदोपत्री नाही. डोव्हर-कॅलेची बोट-कंपनी सीफ्रान्स २०१२ च्या जानेवारीत बंद पडली. रॅम्सगेट-ओस्टेंड हा बेल्जियमचा मार्ग २०१३ साली कायमचा संपला. १७ मार्च २०२२ रोजी पी अँड ओ या बोट-कंपनीने सुमारे ८०० खलाशांना एका फटक्यात कामावरून काढलं आणि तिच्या बोटी काही आठवडे बंदरात उभ्या राहिल्या. तेव्हा परतीची तिकिटं हातात असलेल्यांना दुसऱ्या कंपन्यांकडे धावाधाव करावी लागली.

याची दुसरी बाजू फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. ब्रिटनच्या १९७४ च्या ग्राहक-पतपुरवठा कायद्यातल्या कलम ७५ नुसार, क्रेडिट कार्डाने १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीची वस्तू वा सेवा घेतली आणि विकणारा बुडाला, तर कार्ड देणारी बँकही जबाबदार धरली जाते. ९५ पौंडांची दोन सिंगल तिकिटं वेगवेगळी काढलीत तर साधारणपणे एकही या संरक्षणात बसत नाही. १९० पौंडांचं एक रिटर्न बसतं. शंभराच्या खालचं सिंगल काढताना तेवढी जोखीम डोक्यावर घेतोय, हे माहीत असू द्या.

व्हिसावाल्यांसाठी

भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना खाडी ओलांडायला शेंगेन व्हिसा लागतो, आणि अर्जासोबत परतीच्या प्रवासाचा पुरावा मागितला जातो. 'जाऊ, बघू, येऊ' हे तिथे चालत नाही. इथे उत्तर सरळ आहे: पैसे परत मिळतील किंवा तारीख बदलता येईल असं रिटर्न. व्हिसा हातात येण्याआधी परत न मिळणारं तिकीट काढू नये, असं वकिलातीही सांगतात.

व्हिसाचा स्टिकर मिळाला की त्यावरच्या तीन जागा नीट वाचा. एक, 'पासून-पर्यंत'च्या तारखा. दुसरी, किती वेळा प्रवेश. तिसरी, राहण्याचे दिवस. घोळ होतो तो पहिल्या आणि तिसऱ्या जागेत. तारखा दोन महिन्यांच्या असल्या आणि दिवस २० लिहिले असले, तर राहता येतं फक्त २० दिवस. परतीची तारीख दिवसांच्या आकड्यावर ठरवायची. मधे अल्बानियासारख्या शेंगेनबाहेरच्या देशात जाऊन पुन्हा आत यायचं असेल, तर दुसऱ्या जागेत एकाहून अधिक प्रवेशांची परवानगी लागेल.

व्हिसाबरोबर गाडीचेही नियम बघा. भाड्याची मोटरहोम असेल तर ती परदेशी नेण्याची भाडे-कंपनीची परवानगी आणि गाडी भाड्याची असल्याचा व्हीई १०३ हा दाखला तिकिटाआधी मागून घ्या. स्वयंपाकाचा गॅस बोगद्यातून नेता येतो, पण मर्यादेत. सुट्टं सिलिंडर एकच असेल तर ४७ किलोपर्यंत, एकाहून जास्त असतील तर मिळून ५० किलोपर्यंत. गाडीला पक्की जोडलेली टाकी ९३ किलोपर्यंतची आणि ८० टक्क्यांहून जास्त भरलेली नको. एलपीजीवर चालणाऱ्या गाडीला मात्र बोगद्यात प्रवेश नाही, तिने बोटीनेच जावं.

पुण्या-मुंबईहून आई-वडील मुलांकडे ब्रिटनला येणार असतील आणि त्यांनाही या गाडीतून फ्रान्सला न्यायचा बेत असेल, तर त्यांचा शेंगेन व्हिसा भारतातूनच काढून ठेवा. अर्ज सामान्यतः राहत्या देशातच करावा लागतो, पाहुणा म्हणून ब्रिटनमध्ये आल्यावर तो करणं कठीण जातं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. तो व्हिसा हातात पडला, की पासपोर्टवर आहेत तशीच नावं घालून तिकीट काढा. गाडीची लांबी मागच्या सायकल-रॅकसकट आणि उंची छतावरच्या पेटीसकट स्वतः टेप लावून मोजून भरा, कारण ती चुकीची निघाली तर बंदरावर फरक भरावा लागतो, आणि बोट भरलेली असेल तर ती खेपही चुकते.